मरुभूमीची वनश्री

वाळवंट हा शब्द कानी पडला की डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. वर तापलेले आकाश, खाली तापलेली वाळू आणि दोहोंच्या मधून संथपणे चाललेली उंटांची रांग. या चित्रात हिरवा रंग नसतो. जेथे काही उगवत नाही ती भूमी म्हणजे वाळवंट, असे आपण धरूनच चालतो. ही समजूत किती अपुरी आहे, याची प्रचिती एका शाळेतील सातवीच्या मुलांना एका प्रदर्शनात आली.

माणदेशाच्या कडेला वसलेल्या एका तालुक्याच्या गावी नगरवाचनालयाच्या सभागृहात छायाचित्रांचे प्रदर्शन भरले होते. विषय होता थरच्या वाळवंटातील वनस्पती. छायाचित्रकार त्याच गावचे. रेल्वेतील नोकरीच्या निमित्ताने त्यांची बरीच वर्षे जोधपूर, बिकानेर व जैसलमेर या भागांत गेली होती. सुट्टीचा दिवस आला की कॅमेरा खांद्याला अडकवून ते वाळूच्या टेकड्यांमधून हिंडत. निवृत्त होऊन गावी परतल्यावर त्यांनी निवडक चाळीस छायाचित्रे मोठी करवून घेतली आणि गावकऱ्यांपुढे मांडली.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मराठीचे गुरुजी मुलांना घेऊन वाचनालयात आले. दाराशीच त्यांनी सर्वांना थांबवले.

“बाळांनो, प्रदर्शन पाहणे म्हणजे जत्रेतून फिरणे नव्हे,” ते म्हणाले. “प्रत्येक चित्रापुढे क्षणभर उभे राहा. खालची पाटी आधी वाचू नका. नाव कळले की डोळे आळशी होतात. प्रथम चित्रात काय काय आहे ते मोजा. मग उजेड कोणत्या बाजूने आला आहे ते पाहा. शेवटी, चित्र घेणारा कोठे उभा असेल, याचा विचार करा. एवढे झाले म्हणजे पाटी वाचायला हरकत नाही.”

पहिलेच छायाचित्र वाळूच्या टेकडीचे होते. एका मुलाने ते पाहिले मात्र, आणि तो म्हणाला, “गुरुजी, यात मोजण्यासारखे काहीच नाही. नुसती वाळू आहे.”

त्याच्या शेजारी उभी असलेली मुलगी मात्र मनातल्या मनात मोजीत होती. थोड्या वेळाने ती सांगू लागली, “वाऱ्याने उमटवलेल्या लहरी आहेत. त्यांवरून किड्याच्या पायांची एक बारीक ओळ गेली आहे. टेकडीच्या माथ्यावर एक झुडूप आहे. त्याच्या एका अंगाची वाळू वाहून गेली आहे, आणि तेथे दोरखंडासारखे एक लांब मूळ उघडे पडले आहे. सावल्या लांब आहेत, म्हणजे सकाळ किंवा संध्याकाळ असली पाहिजे.”

हे ऐकून छायाचित्रकार कोपऱ्यातील खुर्चीवरून उठून पुढे आले. “अगदी बरोबर पाहिलेस,” ते म्हणाले. “सूर्य नुकताच वर आला होता. हेच चित्र भर दुपारी घेतले असते, तर वाळू पत्र्यासारखी सपाट दिसली असती. सूर्य कलता असला की वाळूच्या प्रत्येक उंचवट्याला त्याची सावली मिळते. हे झुडूप म्हणजे फोग. याला पाने जवळजवळ नाहीतच. पण त्याच्या मुळ्या जमिनीखाली दूरवर पसरतात आणि सरकत्या वाळूला धरून ठेवतात. याच्या फुलांच्या कळ्या दह्यात कालवून तिकडचे लोक आवडीने खातात.”

“म्हणजे मघाशी दिसत नव्हते, तेच चित्रात सर्वांत महत्त्वाचे होते,” गुरुजी म्हणाले.

पुढे भिंतीवर थरच्या वाळवंटाचा नकाशा लावला होता. हे वाळवंट सुमारे दोन लाख चौरस किलोमीटर पसरलेले आहे. त्याचा बहुतेक भाग राजस्थानात येतो. थोडा भाग गुजरात, हरियाणा व पंजाब या राज्यांत, आणि उरलेला पाकिस्तानच्या सिंध व पंजाब प्रांतांत आहे. पूर्वेला अरवली पर्वताच्या बाजूस पाऊस बऱ्यापैकी पडतो. पण पश्चिमेकडे सरकावे तसा तो उणावत जातो, आणि टोकाला तर वर्षभरात जेमतेम दहा सेंटिमीटर पडतो. तोही दरवर्षी पडेलच असे नाही. उन्हाचा कडाका असा, की जोधपूरजवळच्या फलोदी या गावी १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. हिवाळ्याच्या रात्री मात्र पारा कित्येकदा शून्याच्या आसपास उतरतो.

असा हा प्रदेश. येथे जी वनस्पती तग धरते, तिला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवावा लागतो : मिळेल तेवढे पाणी पुरवायचे कसे?

या प्रश्नाचे उत्तर मुलांना पुढील छायाचित्रात दिसले. त्यात एक काटेरी झाडोरा होता. पाने एकही नव्हती. हिरव्यागार फांद्यांचे नुसते जाळे होते, आणि त्यावर विटकरी तांबड्या फुलांचा बहर आला होता. पाटीवर नाव होते : केर. मराठीत याला नेपती म्हणतात, आणि कोरड्या माळरानावर तो महाराष्ट्रातही आढळतो.

“पाने नसताना हे झाड जगते कसे?” एका मुलीने विचारले.

गुरुजी म्हणाले, “मिळकत बेताची असली म्हणजे घर कसे चालवावे लागते, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. झाडाचेही तसेच असते. पान हे झाडाचे स्वयंपाकघर. सूर्याच्या उजेडात तेथे अन्न तयार होते. परंतु त्यासाठी हवा आत घ्यावी लागते, आणि ती घेण्यासाठी पानावरची बारीक रंध्रे उघडावी लागतात. रंध्रे उघडली की आतले पाणी वाफ होऊन बाहेर पडते. म्हणजे ज्या दारातून मिळकत आत येते, त्याच दारातून खर्च बाहेर जातो. पाणी मुबलक असेल तर मोठमोठी पाने परवडतात. केळीचे पान आठवा! केराला ती चैन परवडत नाही. त्याच्या कोवळ्या फांद्यांवर इवलीशी पाने येतात आणि लवकरच गळून जातात. मग पानांचे काम हिरव्या फांद्या करतात. मिळकत थोडी होते, पण खर्च फारच आटोक्यात राहतो.”

“आणि एवढ्या काटकसरीतही फुले किती आली आहेत!” ती मुलगी हळूच म्हणाली.

पुढच्या छायाचित्रात खडकाळ टेकडीवर जाड, मांसल व काटेरी खांबांचा एक पुंजका उभा होता. ते पाहताच दोघेतिघे एकदम ओरडले, “हा आमच्या कुंपणावरचा निवडुंग!”

“दिसतो तसा, पण नात्याने फार दूरचा,” छायाचित्रकार हसून म्हणाले. “कुंपणावरचा फड्या निवडुंग मूळचा अमेरिका खंडातला. तो माणसांनी आपल्याकडे आणला. हा थोर मात्र आपल्याच देशातला. याचे नाते आपल्या शेराशी. शेराची फांदी मोडली की दुधासारखा चीक येतो ना? तसाच याच्याही अंगातून येतो. अमेरिकेच्या वाळवंटातील निवडुंग आणि हा थोर यांची कुळे निराळी, खंड निराळे; पण संकट एकच. म्हणून दोघांनी एकच युक्ती शोधली. पावसाचे पाणी खोडात साठवायचे आणि वर काट्यांचा पहारा ठेवायचा.”

अशा मांसल वनस्पतींपैकी पुष्कळांची आणखी एक रीत मोठी विलक्षण आहे. त्या दिवसा आपली रंध्रे मिटून घेतात आणि रात्रीच्या गारव्यात उघडतात. रात्री आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड वायू त्या साठवून ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी सूर्यप्रकाश आला की त्यापासून अन्न तयार करतात. उन्हाच्या वेळी दार बंद राहिल्यामुळे पाणी वाचते.

एका छायाचित्रापुढे मुलांची दाटी झाली. उकललेल्या बोंडातून रुपेरी तंतूंचे झुबके बाहेर पडत होते, आणि मागून येणाऱ्या उजेडात ते पेटलेल्या दिव्यांसारखे चमकत होते. “म्हातारी! म्हातारी!” असा एकच गलका झाला. ते आकाचे छायाचित्र होते. मारुतीला ज्या रुईच्या पानांची माळ घालतात, तिचीच ही सख्खी बहीण. तिच्या जाड पानांवर मेणासारखा पांढुरका लेप असतो. त्यामुळे ऊन परतवले जाते आणि ओलावा आत राहतो. ज्या म्हाताऱ्यांच्या मागे मुले लहानपणी धावली होती, त्यांच्या बुडाशी एक बी असते आणि ते बी दूर नेण्यासाठीच हे रेशमी पंख असतात, हे पुष्कळांनी प्रथमच नीट पाहिले.

शेजारीच वाळूवर पसरलेला एक वेल होता. त्याला चेंडूएवढी, हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांची देखणी फळे लागली होती. “लहान लहान कलिंगडे!” एक मुलगा म्हणाला. त्याचा तर्क सर्वस्वी चुकीचा नव्हता, कारण हा वेल कलिंगडाच्याच कुळातला आहे. परंतु फळ इतके कडू, की जिभेला लावता येत नाही. हेच ते कडू वृंदावन. बाहेरून गोमटे आणि आतून कडू अशा वस्तूचा दाखला म्हणून संतांच्या वाणीतही त्याचा उल्लेख आला आहे. वाळवंटात त्याला तुंबा म्हणतात. बाकी सारे रान करपून गेले तरी हा वेल पुष्कळदा हिरवा राहतो, कारण त्याच्या मुळ्या खोल गेलेल्या असतात.

सभागृहाच्या मधोमध दोन छायाचित्रे शेजारी शेजारी लावली होती. एकात तडे गेलेली जमीन, एक काळा दगड आणि वाळलेली काडी. दुसऱ्यात गुडघाभर गवत आणि त्यात पिवळ्या-जांभळ्या फुलांचे ठिपके. दोन निरनिराळ्या ठिकाणची चित्रे असावीत, असे मुलांना वाटले. इतक्यात एकीला गवतातून डोकावणारा तोच काळा दगड दिसला. जागा एकच होती. पहिले चित्र जून महिन्यातले, दुसरे पाऊस पडून गेल्यानंतरचे.

“पण एवढे गवत आले कोठून?” तिने विचारले.

“ते तेथेच होते,” छायाचित्रकार म्हणाले. “पहिल्या चित्रातही आहे. फक्त ते बियांच्या रूपाने वाळूत निजलेले आहे.”

वाळवंटातील कितीतरी लहान वनस्पती दुष्काळाला तोंड देत नाहीत. त्या तो टाळतात. पाऊस पडला की त्या रुजतात, भराभर वाढतात, फुलतात, आणि ओल संपण्यापूर्वी बी टाकून मोकळ्या होतात. हा सारा संसार काही आठवड्यांचा. ते बी पुढच्या पावसाची वाट पाहत वाळूत पडून राहते, कधी कधी वर्षानुवर्षे. काही वनस्पतींच्या बियांत तर अंकुराला रोखून धरणारी द्रव्ये असतात. भरपूर पाऊस होऊन ती धुऊन गेली तरच बी रुजते. एखाद्या चुकार सरीने ते फसत नाही.

येथपर्यंत आल्यावर एका विचारी मुलाने शंका काढली. “गुरुजी, चित्रकार स्वतःच्या हाताने चित्र काढतो. कॅमेरा मात्र समोर असेल तेच टिपतो. मग ही कला कशी?”

गुरुजींना प्रश्न आवडला. ते म्हणाले, “कॅमेरा समोरचे टिपतो हे खरे, पण समोर काय घ्यायचे, किती जवळून घ्यायचे, कोणत्या उजेडाची वाट पाहायची, हे कोण ठरवतो? जर्मनीत कार्ल ब्लॉसफेल्ट नावाचे एक कलाशिक्षक होऊन गेले. ते बर्लिनमध्ये शिकवीत. निसर्गातील आकार विद्यार्थ्यांना नीट दिसावेत, म्हणून त्यांनी स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्याने कोंब, कळ्या, देठ अशा साध्या साध्या वस्तूंची अनेकपट मोठी छायाचित्रे घेतली. वर्षानुवर्षे हेच काम त्यांनी केले. १९२८ साली त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले, आणि रस्त्याकडेच्या तणाचा कोंबही एखाद्या मंदिराच्या कोरीव खांबासारखा असतो, हे पाहून लोक चकित झाले. तो कोंब आधीही तसाच होता. ब्लॉसफेल्ट यांनी तो लोकांना पाहायला लावला. पाहायला लावणे ही काय लहान कला आहे?”

शेवटच्या भिंतीवर एकच मोठे छायाचित्र होते. नांगरलेल्या रेताड शेतात एक झाड एकटेच उभे होते. उंची फार नव्हती. फांद्या लवलेल्या आणि पाने बारीक. आसपासची जमीन तांबूस व कोरडी असताना त्या झाडाला मात्र नवी पालवी फुटली होती.

त्या चित्रापुढे एक वृद्ध स्त्री बराच वेळ उभी होती. गावातील एका मारवाडी दुकानदाराची ती आई. मुले आली तशी ती बाजूला सरली; परंतु गुरुजींनी विचारले, “आजी, हे झाड ओळखता का तुम्ही?”

“न ओळखून कसे चालेल?” ती म्हणाली. “ही आमची खेजडी. माझे माहेर नागौरकडचे. लग्न होऊन या गावी आले, त्याला साठ वर्षे झाली. पण आमच्या शेतातली खेजडी अजून डोळ्यांपुढे आहे. वैशाखात सारे रान जळते, तेव्हा हिला पालवी फुटते. हिचा पाला शेळ्या-उंटांना. हिच्या कोवळ्या शेंगा म्हणजे सांगरी. त्या उकडून वाळवायच्या आणि केराबरोबर त्यांची भाजी करायची. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीतही ती लागते. माझी आजेसासू छप्पन्नच्या काळाच्या गोष्टी सांगायची. तेव्हा लोकांनी झाडाची सालसुद्धा कुटून पिठात मिसळून खाल्ली. बाळांनो, जिने उपाशी दिवसांत घास दिला, तिला आम्ही झाड म्हणत नाही. घरचे माणूस म्हणतो.”

छप्पन्नचा काळ म्हणजे विक्रम संवत १९५६ मधला, इ.स. १८९९-१९०० सालचा भीषण दुष्काळ. राजस्थानातील घराघरांत त्याची आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे.

सभागृहात क्षणभर शांतता पसरली. मग छायाचित्रकार म्हणाले, “आणि ही खेजडी म्हणजे आपली शमी.”

मुले आश्चर्याने पाहू लागली. दसऱ्याला सीमोल्लंघनाच्या वेळी जिची पूजा करतात, अज्ञातवासात जाताना पांडवांनी जिच्यावर आपली शस्त्रे लपवली होती अशी कथा आहे, तीच ही शमी! आपल्याकडील खेड्यांत तिला सौंदड असेही म्हणतात. तिची मुळे तीस मीटरपर्यंत खोल गेल्याच्या नोंदी आहेत. वरचा सारा थर कोरडा पडला तरी ती खालची ओल शोधून काढते. ती शेंगावर्गातील असल्यामुळे जमिनीचा कसही वाढवते. म्हणून मारवाडचा शेतकरी शेतातली खेजडी तोडत नाही, तिच्या आसपास बाजरी पेरतो. १९८३ साली राजस्थान सरकारने तिला राज्यवृक्षाचा मान दिला.

या वृक्षासाठी माणसांनी प्राणही दिले आहेत. पंधराव्या शतकात, १४८५ साली, गुरू जांभोजी यांनी बिश्नोई पंथाची स्थापना केली. वीस आणि नऊ असे एकोणतीस नियम पाळणारे ते बिश्नोई. हिरवे झाड तोडू नये आणि जिवांवर दया करावी, हे त्यांतले नियम. १७३० साली जोधपूरचे महाराज अभयसिंह यांच्या वाड्याच्या बांधकामासाठी चुना भाजावयाचा होता. त्यासाठी लाकूड आणायला राजसेवक खेजडली या गावी आले. तेव्हा अमृतादेवी नावाची बिश्नोई स्त्री खेजडीच्या बुंध्याला मिठी मारून उभी राहिली. कुऱ्हाड थांबली नाही. तिच्यामागून तिच्या तीन मुली पुढे झाल्या, आणि मग गावोगावचे लोक येत गेले. असे ३६३ जण त्या झाडांसाठी मरण पावले. ही वार्ता ऐकून महाराजांनी तोड थांबवली आणि बिश्नोईंच्या गावांत झाडे तोडण्यास मनाई केली. पुढे १९७३ साली हिमालयातील गढवालात स्त्री-पुरुषांनी झाडांना कवटाळून चिपको आंदोलन केले, तेव्हा खेजडलीची आठवण पुन्हा जागी झाली.

“आता तर खेजडीला काही भय नसेल ना?” मघाच्या मुलीने विचारले.

छायाचित्रकारांनी लगेच उत्तर दिले नाही. काही वेळाने ते म्हणाले, “भय आहे. वाळवंटात ऊन भरपूर, म्हणून अलीकडे तेथे सूर्यप्रकाशापासून वीज करणारे मोठमोठे प्रकल्प उभे राहत आहेत. ती वीज देशाला हवी आहे, यात शंका नाही. पण तिच्यासाठी जमीन मोकळी करताना कित्येक ठिकाणी जुन्या खेजड्या तोडल्या गेल्या. बिकानेर भागातील लोक त्याविरुद्ध उभे राहिले आहेत. वीज हवी आणि झाडही हवे. हा प्रश्न सोपा नाही. मात्र एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. जी जमीन कागदावर ओसाड लिहिली जाते, तिच्यावर काय काय उभे आहे, हे पाहायला सहसा कोणी जात नाही. म्हणून मी ही छायाचित्रे घेतली.”

पहिल्या चित्रात नुसती वाळू पाहणारा मुलगा हे सारे लक्ष देऊन ऐकत होता. तो रोज सायकलवरून जवळच्या खेड्यातून शाळेत येत असे. तो म्हणाला, “गुरुजी, आमच्या गावच्या माळालाही सगळे ओसाडच म्हणतात. गेल्या महिन्यात ‘माझा गाव’ या निबंधात मीही तसेच लिहिले.”

गुरुजींनी विचारले, “त्या माळावर काय काय आहे, हे कधी मोजले आहेस का?”

मुलाने मान हलवली. पण लगेच त्याला एकेक आठवू लागले. बोरी होत्या, बाभळी होत्या. शेळ्या ज्याच्या शेंगा खातात तो हिवर होता. पिवळ्या फुलांचा तरवड होता. कपड्यांना चिकटणारे कुसळाचे गवत होते. आणि विहिरीच्या वाटेवर एक सौंदड होती.

“माझ्याजवळ कॅमेरा नाही,” तो छायाचित्रकारांना म्हणाला.

“कॅमेरा मागाहून आला तरी चालेल,” ते उत्तरले. “आधी वही घेऊन जा.”

पुढच्या शनिवारी गुरुजी व मुले वह्या-पेन्सिली घेऊन त्या माळावर गेली. तासाभरात त्यांना सव्वीस निरनिराळ्या वनस्पती दिसल्या. त्यांपैकी सतरांची नावे त्यांना लागली, नऊंची लागली नाहीत. तेव्हा मुले तेथेच मेंढरे राखीत बसलेल्या एका म्हाताऱ्या धनगराकडे गेली. त्याने वहीतील वेड्यावाकड्या आकृत्यांकडे पाहिलेही नाही. पान कसे, फूल कसे, मेंढरू तोंड लावते की नाही, एवढेच त्याने विचारले, आणि नऊंपैकी सातांची नावे बसल्या जागी सांगितली.

उरलेल्या दोन वनस्पतींपुढे मुलांनी वहीत जागा कोरी ठेवली आहे.

स्वाध्याय

१. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) प्रदर्शन कसे पाहावे, असे गुरुजींनी सांगितले?
(आ) केराला पाने न ठेवणे का परवडते?
(इ) थोर आणि फड्या निवडुंग सारखे का दिसतात?
(ई) शेजारी शेजारी लावलेल्या दोन छायाचित्रांची जागा एकच आहे, हे कशावरून कळले?

२. सविस्तर उत्तरे लिहा.
(अ) खेजडी माणसांच्या कोणकोणत्या उपयोगी पडते?
(आ) ‘पाहायला लावणे ही काय लहान कला आहे?’ या वाक्याचा अर्थ उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
(इ) वीज हवी आणि झाडही हवे, असा प्रश्न तुमच्या गावात उभा राहिला, तर तुम्ही कोणती माहिती आधी गोळा कराल?

३. पुढील शब्दसमूहांचा वाक्यांत उपयोग करा.
प्रचिती येणे, तग धरणे, आटोक्यात राहणे, तोंड देणे, ध्यानात येणे.

४. उपक्रम
तुमच्या घराजवळच्या एखाद्या मोकळ्या जागेत तासभर थांबून तेथील वनस्पतींची यादी करा. नावे न कळल्यास घरातील किंवा गावातील वडीलधाऱ्यांना विचारा.